आईच्या नावावरची झोप

सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्याला मी एकाच गोष्टीबद्दल तीन अर्ज लिहिले. पहिले दोन आईने फाडायला लावले. तिसरा त्यांच्या घाटकोपरच्या खिडकीवर दिला. त्याच्या झेरॉक्सवर पोच म्हणून गोल शिक्का मिळाला, ती झेरॉक्स अजून माझ्या बॅगेत आहे. अर्ज सव्वा पानाचा. त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण खरं होतं ते सगळं त्यात नाही. सरकारी अर्जात काही गोष्टी बसत नाहीत. त्या इथे लिहितो.

वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन लागलं आणि निवृत्तांच्या आरोग्य योजनेचं कार्ड तिच्या नावावर झालं. त्या कार्डाची तेव्हा फारशी गरज नव्हती, कारण आई माझ्या ऑफिसच्या विम्यातही होती. मी पवईला एका कंपनीत प्रशासन बघतो. खुर्च्या, एसी, पिण्याचं पाणी, पाहुण्यांचे पास, असलं सगळं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने विमा बदलला आणि नव्या विम्यात पंचाहत्तरीच्या पुढचे आईवडील बसेनात. एचआरमधल्या मुलीने तसा मेल पाठवला, खाली हसरा चेहरा. म्हणजे आता आईचं जे काही दुखेल खुपेल ते त्या एका प्लास्टिकच्या कार्डावर. हे मुद्दाम सांगतोय. कार्ड गेलं तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आई घोरते हे आमच्या मुलुंडच्या घरात गुपित होतं. वडील घोरायचे त्याच्या नकला व्हायच्या, पाहुण्यांसमोर व्हायच्या. आईच्या घोरण्याबद्दल कुणी बोलायचं नाही. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न सावंतवाडीला होतं, तिथे सगळ्या बायका एका हॉलमध्ये झोपल्या आणि आई रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिली. पाठ धरलीय म्हणाली. त्यानंतर तिने कुठे मुक्काम केला नाही. दिवसा मात्र ती कुठेही झोपायची. वाल सोलताना, टीव्हीसमोर, माझ्याशी बोलता बोलता वाक्याच्या मध्ये. आम्ही हसायचो. 'आजींचा इंटरव्हल झाला,' असं शेजारीण म्हणायची, तेव्हा आईही हसायची.

बायकोने एकदा सरळ सांगितलं. "अहो, आईंचा श्वास थांबतो. काल मी उठून हॉलमध्ये बसले होते. घोरणं बंद होतं, मग काहीच नाही, मग एकदम दचकून श्वास घेतात."

"वय झालं तिचं."

"तुमचं कुठे झालंय? तुमचाही थांबतो."

"माझं राहू दे," मी म्हटलं. आईचं बघतो, असंही म्हटलं असेन.

योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक रात्र घरी पट्टा आणि बोटाला चिमटा लावून तपासणी करायला लावली. रिपोर्ट आला. झोपेत आईच्या घशाची वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू तिला अर्धवट जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. "म्हणजे आजी झोपतच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या आडव्या होतात." उपाय एकच, रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं. मशीन हवा आत ढकलतं, वाट उघडी राहते.

आई म्हणाली, "एवढाच ना? मग चालात."

मशीन योजनेतून मिळणार होतं, पण रीत ठरलेली. डॉक्टरांचं पत्र, तपासणीचा रिपोर्ट, मग महिनाभर भाड्याचं मशीन वापरून बघायचं. मशीन स्वतःच नोंद ठेवतं, किती तास लावलं, किती वेळा श्वास अडला. बहुतेक रात्री किमान चार तास भरले तर ती नोंद जोडून फाईल कमिटीकडे जाणार. चार तास भरले नाहीत तर मशीन नाही.

"असं का?" मी खिडकीवरच्या बाईंना विचारलं. त्या माझ्याच वयाच्या असतील, एखाद-दोन वर्षं पुढेच.

"काका, लोक मशीन नेतात आणि कपाटावर ठेवतात. वर धूळ, आत झुरळं. म्हणून नियम आला."

त्यांनी मला काका म्हटलं ते मला लागलं, हे आठवतं. बाकी नियम योग्यच वाटला.

मशीनवाले गृहस्थ गोरेगावहून स्कूटरवर आले. थकलेला, शांत माणूस. त्यांनी आईला दिवाणावर बसवून नाकावर सिलिकॉनचा तिकोनी मास्क ठेवला, डोक्यामागून पट्टे ओढले आणि हवा सुरू केली. डाव्या बाजूने फुर्र आवाज यायला लागला.

"आजी, ही चमकी काढावी लागेल. इथून हवा निसटतेय."

"ती निघत नाही."

"फिरकी असेल ना आत?"

"होती. आता मांसात गेली. दहा वर्षांची होते तेव्हा टोचली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघतो. ते म्हणाले, "त्रास झाला तर फोन करा. मास्कचे दुसरे प्रकारही असतात. फक्त मास्क बदलला तर महिना परत पहिल्यापासून धरतात."

मी मान डोलावली. ते शेवटचं वाक्य तेवढं माझ्या लक्षात राहिलं. या सगळ्यासाठी माझ्या चार रजा आधीच खर्ची पडल्या होत्या.

पहिल्या रात्री आईने अर्धा तास लावला. दुसऱ्या रात्री त्याहून कमी. मास्कची कड चमकीवर दाबायची आणि नाकपुडी लाल व्हायची. सकाळी ती तिथे खोबरेल लावत बसायची. दुखतंय का विचारलं तर म्हणायची, "नाय रे, सवय नाय." मशीनच्या छोट्या पडद्यावर सकाळी आकडा दिसतो. शून्य पॉइंट चार. शून्य पॉइंट तीन. सहा दिवस झाले तरी सगळे मिळून एका रात्रीचे चार तास होईनात.

"डॉक्टरांना सांगा ना," बायको म्हणाली. "नाहीतर त्या मशीनवाल्यांना फोन करा."

"बघतो."

मला आईचा राग आला होता. हे अर्जात नाही. मला वाटत होतं, एवढं मिळतंय, सगळी धावपळ मी करतोय, आणि हिला एक मास्क नाकावर ठेवता येत नाही. सहाव्या की सातव्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर मास्क तिच्या उशीशेजारी पडलेला आणि मशीन हवा सोडत बसलेलं. आई पाठ करून घोरत होती. एवढं काय कठीण आहे बघू तरी, असं म्हणून मी मशीन उचललं, आत नेलं आणि मास्क स्वतःला लावला.

त्यानंतरची आठवण एकदम सकाळची आहे. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मी उठून बसलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग कळलं, डोकं दुखत नव्हतं. तोंडाला कोरड नव्हती. रोज सकाळी डोळ्यांच्या मागे जे ओझं असायचं, जे मी वयाचं, ऑफिसचं, उन्हाचं म्हणून इतकी वर्षं वागवत होतो, ते नव्हतं. पडद्यावर सहा पॉइंट आठ आलं होतं.

बायको चहा घेऊन आली. मशीन बघितलं, मला बघितलं. "मशीन कुणाचं आणि झोपतंय कोण," एवढंच म्हणाली. पण तिलाही बऱ्याच वर्षांनी शांत झोप मिळाली होती. तिने विषय ताणला नाही.

मी मास्क पुसून मशीन आईच्या स्टुलावर परत ठेवलं. आई जागी होती. तिने स्टुलावरचा पाण्याचा तांब्या थोडा सरकवून मशीनला जागा करून दिली.

पुढचे सगळे दिवस तसंच. आई पडल्यावर थोडा वेळ मास्क लावायची, काढून ठेवायची, मग मी ते आत न्यायचो. मी स्वतःला सांगत होतो की आईला मशीन मिळावं म्हणून करतोय. फाईल पुढे जाऊ दे, मशीन घरात येऊ दे, मग आईला हळूहळू सवय लावू. हे खोटं नव्हतं. पण रात्री जेवून झाल्यावर मी घड्याळ बघायला लागलो होतो. आई कधी एकदा मास्क काढतेय याची वाट बघत होतो.

महिना झाला. डॉक्टरांनी नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा आजी. झकास. पहिला आठवडा सोडला तर रोज सहा तास. तरुण पेशंटसुद्धा इतकं करत नाहीत."

आईने पदर सारखा केला आणि टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत राहिली.

"फक्त एक आहे," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावूनही श्वास बराच अडतोय. तपासणीत आला होता त्या मानाने हा त्रास जास्त वाटतोय. हवेचा दाब वाढवू या. नवीन मशीन वाढवलेल्या दाबावरच सेट करून देतील."

तेव्हा मला कळलं. तो श्वास आईचा नव्हता. रिपोर्टवर नाव तिचं होतं, वय तिचं होतं, कार्डाचा नंबर तिचा होता, आणि आत मी होतो. माझी जाड मान, माझा घसा. डॉक्टर माझ्यावर उपचार करत होते आणि तो उपचार तिच्या नाकात जाणार होता. बोलायला तीच वेळ होती. आई शेजारी बसली होती, डॉक्टर लिहीत होते, बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. मी म्हटलं, "थँक्यू डॉक्टर."

भाड्याचं मशीन परत गेलं आणि फाईल कमिटीकडे गेली. पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत माझी वाट लागली. एकदा चांगली झोप काय असते ते कळल्यावर जुनी झोप सोसवेना. मी ऑफिसातून खिडकीवरच्या बाईंना फोन करायचो. एक दिवसाआड करायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, आईसाठी इतकं करणारा मुलगा मी या खिडकीवर बघितला नाही हो." मी म्हटलं, "आईच ना शेवटी."



मशीन आलं तो शनिवार होता. दुपारी आई म्हणाली, "सोनाराकडे जाऊया."

"कशाला?"

"चल तर."

स्टेशनजवळच्या सोनाराने भिंग लावून तिचं नाक बघितलं. फिरकी खरंच आत रुतली होती. तोडावी लागेल म्हणाला. आई हो म्हणाली. वडील गेले तेव्हा तिने बाकी सगळं उतरवून ठेवलं होतं. चमकी काढा असं कुणी म्हणालंच तर ती म्हणायची, ही माझ्या बापाने घातली, नवऱ्याने नाही. त्या चमकीला सोनाराने बारीक पकड लावली. आईने माझं मनगट धरलं. कट असा आवाज झाला. मग त्याने चिमट्याने आतला तुकडा ओढून काढला, आणि थोडं रक्त आलं.

दोन्ही तुकडे तिने रुमालाच्या कोपऱ्यात बांधले. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आता तुका रात्री उठूक नको."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला सगळं दिसत होतं. मी तिच्यासाठी रात्री उठतो, तिचे तास भरतो, तिच्यासाठी डॉक्टरांसमोर खोटं बोलतो, असं तिने धरलं होतं. मुलाला खोटं करायला लागू नये म्हणून तिने चमकी तोडली होती. रिक्षा सिग्नलला उभी होती. मी म्हटलं, "दुखतंय का?"

त्या रात्री तिने स्वतः मास्क चढवला. पट्टे स्वतः ओढले. हवा निसटत नव्हती, मास्क पक्का बसला होता. मी बटण दाबलं. तिचे डोळे मोठे झाले, गाल फुगले, आणि तिने दोन्ही हातांनी मास्क ओढून काढला. वाऱ्याच्या तोंडावर उभं केल्यासारखं होतंय म्हणाली. परत लावला, परत काढला. अशा पाच रात्री तिने प्रयत्न केला. मी शेजारी खुर्ची घेऊन बसायचो. पाचव्या रात्री मास्क मांडीवर ठेवून म्हणाली, "माझ्यान नाय जमणा रे. एवढी सगळी करता आणि माझ्यान होणा नाय. माझाच काय तरी चुकता."

मला माहीत होतं काय चुकतंय ते. एक फोन केला असता तर तो माणूस स्कूटरवर येऊन दाब कमी करून गेला असता. पण दाब कमी का करायचा ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "राहू दे आई. हळूहळू होईल सवय."

सहाव्या रात्री मशीन माझ्या खोलीत आलं. आणि मला बरं वाटलं. अर्ज लिहायला बसलो त्याच्या कितीतरी आधीपासून हे एक वाक्य मी टाळत आलो होतो. आईला जमलं नाही याचं वाईट वाटलं, आणि मशीन मला मिळालं याचं बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी. बरं जास्त वाटलं.

तसे चार महिने गेले. मी ऑफिसात टवटवीत दिसतो असं लोक म्हणायला लागले. आई अजून थकली. दुपारी झोपायची, संध्याकाळी झोपायची, सकाळी उठून परत झोपायची. दोनदा गॅसवर दूध विसरली. बायकोने तिला शेगडीजवळ जाऊ द्यायचं बंद केलं. मग आईला दिवसभर करण्यासारखं काही राहिलं नाही.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे माणसाने स्वतः येऊन दाखवायचं. घरून मोबाईलवरही होतं आता, पण आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि चेहऱ्याचं त्या ॲपला पटत नाही. म्हणून मी तिला बँकेत नेलं. खुर्च्यांवर म्हातारी माणसं ओळीने बसली होती. आईला बसवून मी काउंटरवर फॉर्म भरायला गेलो. थोड्या वेळाने नाव पुकारलं. परत पुकारलं. मी वळून बघितलं, तर आई मान टाकून बसलेली. शेजारच्या आजोबांनी तिला खांद्याला हलवलं आणि ती हलली नाही.

"अहो, या बाई गेल्या की काय," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, आज दाखला देणार कसा. मी धावलो, पण मी पोचायच्या आत आई दचकून जागी झाली, उठायला गेली आणि पुढे पडली. चष्मा फुटला. भुवईवर खोक पडली. साडीवर रक्त आलं तरी ती आधी काउंटरकडे बघून म्हणाली, "आसंय मी. आसंय."

भुवईला तीन टाके पडले. दाखला मॅनेजरने खुर्चीजवळ येऊन करून घेतला. मी तिच्यासमोर उभा होतो, रात्री सात तास झोपलेला.

संध्याकाळी आई दिवाणावर पडली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी खुर्ची ओढली आणि सांगायला लागलो. तास कुणी भरले ते तिला माहीत होतं, म्हणून ते सोडून पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी दाब वाढवला तो माझ्या श्वासावरून. मशीन आलं ते माझ्यासाठी सेट होऊन. तुला जमलं नाही कारण ती हवा तुझी नव्हतीच. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला ती झोप आवडली होती.

आई उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, "त्या पाच रात्री तू बाजूला बसला होतास."

"हो."

"मी म्हणत होते माझंच चुकतंय. तू ऐकत होतास."

"हो."

"मगे माका येडी केलंस."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. 'त्याला सांग पाणी आलंय,' असं बायकोकडून निरोप यायचे, मी समोर उभा असताना.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कागद घे. लिव."

"कुणाला?"

"योजनेला. काय केलं ते."

बायको घाबरली. "आई, त्यांनी कार्डच बंद केलं तर? उद्या तुम्हाला काही झालं तर आमच्याकडे दुसरं काही नाही."

"कार्डावर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग खोटं पण माझ्याच नावावर आहे. उद्या मी गेले की मशीन परत न्यायला येतील. त्यात सगळं नोंदलेलं असतं ना? मी मेल्यावर लोकांनी काढायचं ते?"

मी पहिला अर्ज लिहिला. ऑफिसात असले कागद रोज लिहितो, हात बसलेला आहे. आईने वाचून दाखवायला सांगितलं. 'तांत्रिक त्रुटीमुळे सदर यंत्राच्या नोंदींमध्ये तफावत आढळून आली असून' इथपर्यंत आलो आणि तिने हात वर केला.

"तांत्रिक खंयचा? थंय तू होतंस."

तो फाडला. दुसऱ्यात लिहिलं की लाभार्थीच्या वयोमानामुळे कुटुंबातील सदस्याने यंत्र हाताळले. "म्हणजे दोष माझ्या वयाचा?" ती म्हणाली. "आणि सदस्य म्हणजे कोण? घरात मांजर पण आहे का?" बायको तोंडाला पदर लावून आत गेली. त्या तीन दिवसांत घरात कुणी हसलं असेल तर ते तेवढंच.

तिसऱ्यात लिहिलं, मी त्यांचा मुलगा. त्यांना मास्क नाकातल्या चमकीमुळे दुखत होता. ते कळवण्याऐवजी महिनाभर मी तो स्वतः लावला आणि त्यांच्या नावाने नोंद दिली. नंतर आलेलं मशीनही मीच वापरलं. ही चूक माझी आहे. खाली माझी सही, आणि कार्ड तिचं म्हणून त्याखाली तिची. तिने सही सावकाश केली, आडनावासकट.

खिडकीवरच्या बाईंनी उभ्या उभ्या अर्ज वाचला. मग बसून परत वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. "असा अर्ज कुठल्या रजिस्टरला घ्यायचा ते मला विचारावं लागेल," म्हणाल्या. तासाभराने शिक्का मारून पोच दिली. या वेळी काका म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं. ते चिडले, आणि ते योग्यच होतं. दाब कमी करायचं पत्र दिलं. मशीनवाले गृहस्थ परत आले. आईच्या भुवईवरची पट्टी बघितली, नाक बघितलं. त्यांनी बॅगेतून दुसरा मास्क काढला. नाकावर बसणारा नव्हे, नाकपुड्यांच्या खाली टेकणारा, दोन मऊ बोंडांचा. तो लावला तर नाकाच्या बाजूला काही लागतच नाही.

"चमकी काढलीत?" ते म्हणाले. "याला चाललं असतं हो. फोन का नाही केलात?"

त्यांनी विचारलं मला होतं. आईने बोट नाकपुडीवर नेलं. ते भोक आता जवळजवळ बुजलंय, टाचणीच्या टोकाएवढा खळगा राहिलाय.

कमी दाबावर पहिल्या रात्री तिने दोन तास काढले. आठवड्याने चार. आता पाचच्या आसपास असते. सकाळी मी आकडा बघायला गेलो की पडद्यावर हात ठेवते आणि स्वतः वाचते. टीव्हीसमोर डोळा लागणं कमी झालंय. दूध परत तिच्याकडे आलंय. मी माझ्या जुन्या झोपेवर परत आलोय. सकाळी डोकं दुखतं. माझ्या ऑफिसच्या विम्यात घरी वापरायची उपकरणं धरत नाहीत, हे मी विम्याच्या माहितीपत्रकात दोनदा वाचलं. तपासणीची तारीख घ्या म्हणून बायको मागे लागलीय. मी बघतो म्हटलं, तेव्हा आई हॉलमधून म्हणाली, "त्याचं बघतो म्हणजे नाय." मग मी तिच्यासमोरच फोन करून तारीख घेतली.

आई माझ्याशी बोलते. पूर्वीसारखं नाही. माझ्याकडून काही हवं असलं तर एकदा विचारते आणि मग स्वतः खात्री करून घेते. गोळ्या मोजून बघते. डॉक्टरांचा कागद माझ्या हातून काढून घेऊन चष्मा लावून वाचते. इतकी वर्षं तिने माझ्या हातातला एकही कागद वाचला नव्हता.

परवा योजनेचं पत्र आलं. लाभार्थीने मशीन घेऊन कमिटीसमोर प्रत्यक्ष हजर राहावं. मशीन ठेवून घेतील, कार्डावर शेरा मारतील की नुसतं झापतील, पत्रातून काही कळत नाही. मी खिडकीवर फोन केला, बाई म्हणाल्या, या तर खरं. आईने बायकोला राखाडी साडीला इस्त्री करायला सांगितलंय. तिथे ती बोलणार आहे, मी विचारलं तरच बोलायचं, असं ठरलंय. ते उद्या आहे.

आज संध्याकाळी मी मशीनची बॅग काढली. मास्क, नळी, वायर, सगळं वेगवेगळं पुसून भरायला घेतलं. सकाळी घाई नको म्हणून. आई जेवून हात पुसत बाहेर आली आणि बघत उभी राहिली.

"ते सकाळी भर," म्हणाली. "रात्री मला लागणार."